वाशीचं ‘आफ्रिकेत शेती’ कन्सल्टेशन: सल्ल्याला पैसे द्या, जमिनीच्या युनिटला नको

तूर मोझांबिकची असो नाहीतर मलावीची, न्हावा शेवाला उतरली की तिचे कागद माझ्यासारख्या लोकांच्या टेबलावरून जातात. तुर्भ्याला दाणाबंदरमध्ये, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, एका आयातदाराकडे मी इम्पोर्टचं डॉक्युमेंटेशन बघते, बरीच वर्षं झाली, त्यामुळे हा रिव्ह्यू लांबणार आहे आणि मला तो लांबच लिहायचाय, कारण यात लोकांच्या आयुष्यभराच्या पैशाचा प्रश्न आहे. कन्सल्टन्सीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, मला एका ऑफिसपेक्षा हे पॅकेज कसं असतं ते सांगायचंय. ठाण्यातही असली सेमिनार होतात, घोडबंदरच्या एका सोसायटीच्या ग्रुपवर अशीच जाहिरात मी स्वतः वाचलीय.

माझा आतेभाऊ ऐरोलीला राहतो, त्याने व्हीआरएस घेतलीय, हातात रक्कम आहे आणि गावची जमीन वाटण्यांमध्ये गेल्याची सल आहेच. त्याला जाहिरात दिसली, मोझांबिकमध्ये तुरीच्या शेतीत गुंतवणूक, ५ एकराचं युनिट ११ लाखाला, दरवर्षी १८ टक्के फिक्स परतावा. दादाने मला फोन केला की तू ह्याच धंद्यात आहेस तर माझ्याबरोबर चल. सेमिनारची फी माणशी १,५०० आणि नंतर वैयक्तिक सल्ल्याची १२,०००, त्यात रिपोर्ट पण देतात. ही १२,००० युनिट घेतलं तर वळती होते.

हॉल वाशी स्टेशनच्या जवळ, एसी चांगला, नाश्ता गरम, पार्किंगची बोंब, एवढं त्या भागात गृहीतच धरायचं. वेळेवर सुरू केलं हे आवडलं.

पहिलं सत्र जमिनीचं होतं आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते तेच. पडद्यावर मोठ्या अक्षरात ‘५० वर्षांची मालकी’. आता मोझांबिकची राज्यघटनाच सांगते की जमीन सरकारची, ती विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. मिळतो तो वापराचा हक्क, त्याला तिकडे दुआत म्हणतात, १९९७ च्या जमीन कायद्याखाली. आर्थिक कामासाठी तो जास्तीत जास्त ५० वर्षांचा असतो आणि पुढे वाढवता येतो, म्हणजे ५० चा आकडा खरा आहे पण ‘मालकी’ हा शब्द खोटा आहे. आणि ५० वर्षं पहिल्या दिवशी हातात पडत नाहीत. परदेशी अर्जदाराला आधी २ वर्षांची तात्पुरती मंजुरी मिळते, त्या मुदतीत मंजूर केलेल्या प्लॅनप्रमाणे शेती उभी करून दाखवायची, नाही झाली तर मंजुरी जाऊ शकते. त्याच्याही आधी गावाशी सल्लामसलत करावी लागते, गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही असं कायदा म्हणतो.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे परदेशी माणसाला स्वतःच्या नावावर हा हक्क हवा असेल तर तो निदान ५ वर्षं तिथे राहिलेला असावा लागतो, कंपनी असेल तर तिची तिथे नोंदणी लागते, आणि दोन्ही बाबतीत मंजूर झालेला गुंतवणूक प्रकल्प लागतो. म्हणजे ऐरोलीत बसलेल्या माणसाच्या नावावर नांपुलामधले, म्हणजे मोझांबिकच्या उत्तरेकडच्या त्या प्रांतातले, ५ एकर होऊच शकत नाहीत. मग हे युनिट म्हणजे नक्की काय विकतायत? हा प्रश्न मी तिथेच विचारला, तर सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, लीगल टीम वैयक्तिक मीटिंगमध्ये सगळं क्लिअर करेल. समोर पन्नासेक माणसं बसलेली, बरेच दादाच्याच वयाचे, काही जोडप्याने आलेले, त्यांना हे सगळ्यांसमोर कळायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

दुसरी स्लाईड होती की मोझांबिकमध्ये ३ कोटी ६० लाख हेक्टर लागवडीलायक जमीन आहे आणि त्यातली फार थोडी वापरात आहे. हा आकडा त्यांनी मनाने काढलेला नाही, तिथलं सरकारही तोच सांगत आलंय. पण वापरात नाही म्हणजे रिकामी नाही ना. तिथे जमीन काही वर्षं कसून मग पडीक ठेवतात, त्यात गुरं चरतात, सरपण येतं. ज्या स्थानिक माणसाने १० वर्षं प्रामाणिकपणे जमीन कसलीय त्याचा हक्क कागद नसला तरी कायदा मानतो, गावाच्या रूढीचा हक्क पण मानतो. म्हणूनच जपान आणि ब्राझीलच्या मदतीने तिथल्या सरकारने नाकाला बंदराकडे जाणाऱ्या पट्ट्यात आखलेला प्रोसावाना नावाचा अवाढव्य शेती प्रकल्प शेतकरी संघटनांच्या विरोधात अडकला आणि २०२० मध्ये बंद झाला. दोन-तीन देशांची सरकारं पाठीशी असून जे जमलं नाही ते वाशीतली ही एक एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी फर्म, युनिटं पाडून कसं करणार?

इथियोपियाचंही उदाहरण आहे, बंगळुरूच्या करुतुरी कंपनीला गांबेलामध्ये १ लाख हेक्टर जमीन लीजवर मिळाली होती, त्या वेळी आपल्याकडे केवढं कौतुक झालेलं. २०११ मध्ये बारो नदीच्या पुराने मका गेला, पुढे काम रेंगाळलं आणि २०१५ च्या शेवटी सरकारने करारच रद्द केला. हे सेमिनारमध्ये कुणी काढलं नाही आणि रिपोर्टमध्येही नाही. आधी मोठ्या लोकांचं काय झालं ते गुंतवणूकदाराला माहीत असायलाच हवं.

आता चांगल्याकडे येते, आणि ते खरंच चांगलं आहे. जेवणानंतर एक सर आले, मराठी, मूळचे लातूर भागातले, नांपुलामध्ये धान्य खरेदीत त्यांची उमेदीची वर्षं गेलीत. त्यांनी प्रोजेक्टर बंद करायला लावला आणि टेबलावर तीन स्टीलच्या ताटल्या मांडल्या. एकीत गजरी तूर, तांबूस-जांभळट ठिपक्यांची, दुसरीत मोझांबिकची पांढरी, तिसरीत गजरीच पण जशी गावातनं गोळा होते तशी, न निवडलेली. तिसरीत काडीकचरा, मातीचे खडे, भोक पडलेले दाणे, आणि एक कोपरा थोडा दमट. त्यांनी एकेक दाणा दाताखाली धरून फोडला, पहिल्या दोन ताटल्यांचा कट्कन आवाज मागच्या रांगेत पण ऐकू आला, तिसऱ्यातला नुसता दबला. म्हणाले, “हा ओला माल कंटेनरमध्ये भरला तर न्हावा शेवाला काय उघडेल ते ताईंना विचारा,” कारण तोपर्यंत त्यांना कळलं होतं मी कुठे काम करते. मी सांगितलं, बुरशी, वास, कीड, क्वारंटाईनवाले थांबवतात, परत धुरी द्यायला लागते, कंटेनर अडकल्याचं रोजचं भाडं, म्हणजे डिटेन्शन, वेगळं, आणि बाजारात भाव पडतो तो वेगळा.

मग सरांनी जे सांगितलं ते ऐकायला मी पुन्हा पैसे देऊन जाईन. तिथला शेतकरी तूर मक्यात लावतो, एक-दोन हेक्टरचा माणूस, खत नाही, फवारणी जवळजवळ नाही, घरची माणसं राबतात. पावसाबरोबर नोव्हेंबर-डिसेंबरला पेरणी, जुलैपासून काढणी. त्याचा उत्पादन खर्चच इतका कमी की तुम्ही इथनं जाऊन ट्रॅक्टर, डिझेल, मॅनेजर, वॉचमन लावून शेकडो एकर सलग तूर केली तरी त्याच्यापेक्षा स्वस्त पिकवू शकत नाही. म्हणजे पिकवण्यात पैसा नाहीये. पिकल्यानंतर काय होतं तिथे पैसा आहे. शेतकऱ्याकडे साठवायला जागा नाही, कीड लागायच्या आधी विकावंच लागतं, सायकलवरून येणारा छोटा व्यापारी गावात माल उचलतो, तो मोठ्याला देतो, तो नांपुला किंवा नाकालाच्या गोडाऊनला पोचवतो आणि ह्या प्रत्येक हातात माल मळतो, फुटतो, भिजतो. कोरडं गोडाऊन, ग्रेडर, खडे काढायचं मशीन, हवाबंद पिशव्या, ओलावा मोजायचं मीटर, प्रामाणिक वजनकाटा, ह्यात घातलेला पैसा परत येऊ शकतो आणि त्या शेतकऱ्याला पण दोन पैसे जास्त मिळतात. काजूचंही तेच, एके काळी मोझांबिक काजूत जगात पहिला होता, आता ते सरकार कच्च्या काजूवर १८ ते २२ टक्के निर्यात कर लावतं म्हणजे बी तिथेच फोडा असा त्यांचा आग्रह आहे, तर आपल्या कोकणातल्या काजू कारखानदाराने तिकडे प्रक्रियेचा विचार करणं हे जमिनीच्या मागे लागण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं.

मी त्यांना विचारलं की सर, २०१७ चं पण सांगा. आणि त्यांनी न टाळता सांगितलं. २०१६ मध्ये आपल्या सरकारने मोझांबिकशी करार केला, १ लाख टनापासून सुरू करून वाढवत २ लाख टनांपर्यंत डाळी घ्यायचा, तिथल्या लोकांनी उत्साहाने तूर लावली. इकडे आपल्याकडेही बंपर पीक आलं आणि ऑगस्ट २०१७ ला तुरीच्या आयातीवर मर्यादा आली. तिथले लोक तूर फारशी खात नाहीत, जवळपास सगळी आपल्यासाठीच पिकते, त्यामुळे आपण दार ओढलं की दुसरं गिऱ्हाईकच नाही. भाव कोसळले, शेतकऱ्यांनी मिळेल त्या भावाला माल दिला. सर म्हणाले, “ज्यांच्या घरी बसून जेवलो त्यांना काय तोंड दाखवायचं?” तेव्हा हॉलमध्ये कुणी बोललं नाही. पुढे २०२१ ला आयात खुली झाली, मोझांबिकचा करार वाढला, मलावीशी वर्षाला ५० हजार टनांचा झाला, आणि खुल्या आयातीची मुदत सरकार थोडी थोडी वाढवत आलंय. आमच्या मार्केटमध्ये प्रत्येक मुदत संपायच्या आधी सगळे फोनला चिकटलेले असतात. म्हणजे मोझांबिकच्या तुरीत घातलेल्या पैशाचं नशीब त्यांच्या राजधानीत, मापुतोमध्ये कमी आणि दिल्लीत जास्त ठरतं, आणि आपल्या हमीभावाकडे, लातूर-अकोल्याच्या पावसाकडे लक्ष नसेल तर ह्यात पडूच नये. अशा धंद्यात १८ टक्के फिक्स कोण आणि कशाच्या जोरावर देणार?

आता वैयक्तिक मीटिंग. ती सानपाड्याच्या ऑफिसमध्ये झाली आणि तिथे सर नव्हते, सेल्सचा एक मुलगा आणि लीगलच्या एक मॅडम. दोघं बोलायला व्यवस्थित, चहा-पाणी, काही घाई नाही, हे मान्य. दादाने एकच लावून धरलं, “सातबारा नसेल तर नसू दे, पण तिकडचा जो कागद असेल तो दाखवा.” बऱ्याच वेळाने फाईल आली. चार पानी पोर्तुगीज कागदाची झेरॉक्स, शिक्का अर्धा कापलेला, जिल्ह्याचं नाव वाचता येतंय पण हेक्टरच्या आकड्यावर झेरॉक्सची काळी पट्टी. बरोबर भाषांतर नाही. मी रोज पोर्तुगीजमधले फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचे) आणि ओरिजिनचे (माल कुठल्या देशाचा त्याचे) दाखले हाताळते, त्यामुळे तात्पुरत्या मंजुरीचा शब्द आणि त्याखालची तारीख मला कळली, आणि २ वर्षांची मुदत संपत आलेली. हक्क कुणाच्या नावावर, तर तिथल्या एका कंपनीच्या. त्या कंपनीत ह्या वाशीच्या एलएलपीचा हिस्सा किती, ह्याचा कागद मागितला तर “तो क्लायंटला बुकिंगनंतर शेअर करतो” असं उत्तर. हे मला अजिबात पटलं नाही. गुंतवणुकीच्या आधी जो कागद बघायचा तोच गुंतवणुकीनंतर दाखवणार?

चेक कुणाच्या नावाने काढायचा, तर इथल्याच एलएलपीच्या, रुपयात. ह्यावर लोकांनी नीट थांबून विचार करा. तुमचा पैसा तुमच्या नावाने परदेशात जातच नाहीये. स्वतः बाहेर गुंतवायचे असतील तर रिझर्व्ह बँकेची एलआरएसची सोय आहे, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत, बँकेतनं रीतसर पाठवता येतात, १० लाखाच्या वर गेलात तर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेतला जातो जो रिटर्नमध्ये वळता होतो, आणि परदेशी कंपनीत भागीदारी असेल तर २०२२ च्या ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियमांप्रमाणे बँकेकडे फॉर्म भरायचा. कटकट आहे पण तुमचं नाव कुठेतरी सरकारी नोंदीत येतं. इथे काय होतंय, तर बऱ्याच लोकांचे पैसे एकत्र गोळा करायचे, कारभार कंपनीने बघायचा, गुंतवणूकदाराचा रोजच्या कामाशी संबंध नाही, आणि परताव्याचं आश्वासन. सेबी कायद्यात सामूहिक गुंतवणूक योजनेची जी व्याख्या आहे ती ह्याच्या फार जवळ जाते आणि त्याला सेबीची नोंदणी लागते. मी नोंदणी क्रमांक मागितला. मॅडम म्हणाल्या हे शेतीचं आहे म्हणून लागू होत नाही. पण नव्वदच्या दशकात सागवान लावून देणाऱ्या कंपन्यांनी अख्ख्या महाराष्ट्राचे पैसे बुडवले, तेव्हा तेही शेतीचंच होतं, आणि त्यानंतरच सेबीने ह्या योजनांचे नियम केले. आमच्या सातारच्या मामांचे पैसे त्यात गेले होते, ते सर्टिफिकेट घरात अजून आहे. त्यामुळे ह्या मुद्द्यावर मी नरम होऊ शकत नाही.

रिपोर्टबद्दल. छपाई सुंदर, अर्धा भाग उपयोगी आहे. नाकाला बंदर, तिथपर्यंतची रेल्वे, मलावीला समुद्र नसल्यामुळे त्यांचा माल कसा त्याच लाईनवरून येतो, गोडाऊनचं भाडं, माल साफ करण्याचा खर्च, तुरीची डाळ करताना १०० किलोला साधारण ७० किलोच्या आसपास उतारा धरलाय तो पण बरोबर, हे सगळं सरांनी लिहिलंय हे वाचताना कळतं. बाकी अर्धा भाग जमिनीच्या युनिटचा, आणि त्यात धोक्याला फक्त एक पान. मार्च २०२२ ला गोंबे चक्रीवादळ थेट नांपुला प्रांतात घुसलं होतं, त्याचा उल्लेख नाही. शेजारच्या काबो देल्गादोमध्ये २०१७ पासून सशस्त्र हल्ले चालू आहेत, उल्लेख नाही. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीनंतर आंदोलनं पेटली, रस्ते बंद पडले, तेही नाही. २०२३ च्या शेवटी शेवटी नाकालाला तूर व्यापाऱ्यांच्या आपसातल्या वादात अडकून पडली होती आणि इकडे भाव चढलेले, आमच्या ऑफिसमध्ये तेव्हा काय धावपळ होती ते मला माहितेय, त्यावर एक ओळ तरी हवी होती. मलावीच्या चलनाचं नोव्हेंबर २०२३ मध्ये एका झटक्यात अवमूल्यन केलं गेलं, तिथे डॉलर ४४ टक्क्यांनी महागला, रुपयात परतावा मोजणाऱ्याला ह्याच्याएवढी महत्त्वाची गोष्ट दुसरी कुठली?

दादाने युनिट घेतलं नाही. मन खट्टू झालं त्याचं, परत येताना पाम बीच रोडला गाडीत काही बोलला नाही, मग वहिनींनी फोनवर विचारलं काय झालं तर म्हणाला, “जमीन नाही, पण धंदा आहे तिकडे, समजून घेतो.” त्याने सरांना वेगळा फोन केला, त्यांनी त्याला धान्य साफ करायच्या एका छोट्या युनिटचा हिशोब कागदावर मांडून दिला, कमिशन मागितलं नाही, वर सांगितलं की घाई करू नका, आधी एका सीझनला माझ्याबरोबर येऊन नुसतं बघा आणि व्हीआरएसच्या रकमेतला थोडाच हिस्सा ह्यात धरा. असा माणूस ह्या ऑफिसकडे आहे आणि हे लोक त्याला जेवणानंतर उभं करतात, सकाळी लोक ताजे असताना जमीन विकतात, ह्याचं मला वाईट वाटतं. मालकांनी हे वाचलं तर माझी कळकळीची विनंती आहे, युनिट बंद करा आणि ह्या सरांच्या सल्ल्याची फी वाढवा, लोक देतील, मी देईन.

स्टार द्यायचे तर सरांच्या सत्राला पाचपैकी पाच, रिपोर्टला अडीच, जमिनीच्या युनिटला शून्य. १२,००० मधले अर्धे तरी परत द्या असा मेल दादाने केलाय कारण कागद दाखवण्याचं जे लिहून दिलं होतं ते पाळलं नाही, त्यांचं उत्तर आलंय की विचार करतोय.

जायचं असेल तर फक्त दुपारच्या सत्राला जायला परवानगी देतात का विचारा, आम्ही होतो तेव्हा दोघातिघांना दिली होती. मीटिंग बुक करताना सर स्वतः असतील असं मेलवर लिहून घ्या. ऑगस्ट ते ऑक्टोबर ते बहुतेक नांपुलाला खरेदीवर असतात, तेव्हा बुक करू नका. आणि ज्यांना तिन्ही प्रकारची तूर हातात घेऊन बघायचीय त्यांनी सकाळी लवकर दाणाबंदरला या, आफ्रिकेचा माल उतरायला लागला की कुठल्याही गाळ्यावर नमुना बघायला मिळतो, त्याचे पैसे पडत नाहीत.